सातव्या किलोमीटरचा रजेचा अर्ज

आमच्या गावच्या दहा किलोमीटर शर्यतीतल्या सातव्या किलोमीटरने यंदा रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

हे मला शुक्रवारी दुपारी कळलं. मी डबा घासत होते. फोन वाजला तशी दचकले आणि झाकण मोरीत पडलं. शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे सचिव खरोटे सर बोलत होते. "तृप्ती हुपरीकर ना? जरा कार्यालयात येऊन जा. घाबरण्यासारखं काही नाही." हे वाक्य ऐकलं की मी घाबरते.

कार्यालय सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर आहे. सरांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. अक्षर सुवाच्य होतं, आवक क्रमांकही पडला होता. "सदर स्पर्धक गेली तीन वर्षे माझ्यापर्यंत धावत येतात आणि मंगल कार्यालयासमोर खाली बसतात. गेल्या वर्षी त्या रडल्या. पहिल्या सहाजणांबद्दल त्यांची तक्रार दिसत नाही. माझ्यातच काही खोट असावी असे वाटून मनास त्रास होतो. तरी रविवारी एक दिवसाची रजा मिळावी."

"हे खरंय?" सरांनी विचारलं.

खरं होतं. पहिल्या वर्षी मंगल कार्यालयात अचानक बँड सुरू झाला. दुसऱ्या वर्षी छातीत धडधडायला लागलं. धावल्यावर ते होतंच, हे मला घरी गेल्यावर सुचलं. तिसऱ्या वर्षी काहीच झालं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"रजा दिली तर काय होईल, सर?"

"शर्यत नऊ किलोमीटरची होईल. सहावा संपला की आठवा. सातव्यावरच्या एकवीस घरांना तेवढी सकाळ आठव्यावर सरकून बसावं लागेल, आणि ते तयार नाहीत. त्यांचं आठव्याशी पाण्याच्या पाळीवरून आधीच वाजलंय."

बाकावर कुंदाताई लोंढे बसल्या होत्या. त्या निवृत्त नर्स, वय बासष्ट, दर वर्षी दहा पुरे करतात. "नऊचं प्रमाणपत्र घेऊन मी सुनेला काय तोंड दाखवू?" त्या म्हणाल्या. "आणि काय गं, पाच वर्षं मी त्याच्या अंगावरून धापा टाकत जातेय, मला कधी हूं की चूं केलं नाही. तुझाच बरा लळा लागला!"

सरांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "उद्या संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज मागे घेतला तर ठीक. तुम्हीच बोलून बघा त्यांच्याशी."

शनिवारी मी चार वाजताच सातव्यावर गेले. अंगावर बसायला नको म्हणून कडेच्या कठड्यावर बसले.

"तुमच्यात काही खोट नाही," मी म्हटलं. "मलाच भीती वाटते."

"कशाची?" सातव्याने विचारलं. आवाज खालचा होता, जरा खरखरीत.

"पुढे काय आहे त्याची."

"पुढे आठवा आहे."

"ते माहितीय हो."

एक टेम्पो गेला, दोन म्हशी गेल्या. मग तो म्हणाला, "मी सोबत आलो तर?"

मला एकदम बरं वाटलं. पाचला दहा मिनिटं असताना सरांनी अर्जावर 'मागे घेतला' असा शिक्का मारला. या सोबतीचा नीट विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

रविवारी पहिले सहा किलोमीटर नेहमीसारखे गेले. सातवा लागला, मंगल कार्यालय आलं, मी बसले नाही. धावत राहिले. दहा मिनिटांनी पाहिलं तर डावीकडे मंगल कार्यालयच होतं. वीस मिनिटांनीही तेच. पायरीवरच्या बँडवाल्याचा दुसरा चहा चालू होता. सातवा शब्दाला जागून सोबत येत होता. मी जेवढी पुढे जाई तेवढा तोही पुढे सरके. बाकीच्यांशी त्याचं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून ते सरळ पार होत होते.

कुंदाताई मागून आल्या. "अगं, अजून इथंच?"

"सोबत आहे," मी म्हटलं.

"मग सोड की त्याला!" म्हणत त्या दिसेनाशा झाल्या.

त्यांच्यानंतर एक काठी टेकत चालणारे आजोबा गेले. मग कुणीच नाही. बारा वाजता समाप्तीची रेषा गुंडाळतात, आणि पावणेअकरा झाले होते. एवढं धावून चौथ्यांदाही इथंच संपणार, असं मनात आलं. बसावंसं वाटलं.

"अहो," मी धापा टाकत म्हटलं, "तुम्ही आता थांबाल का?"

"तुम्ही बसाल."

"नाही बसणार."

"नक्की ना? मला फार धाकधूक होते."

हे वाक्य मी आजवर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "होतेच ती," मी म्हटलं. "होऊ दे. थांबा तुम्ही. मी येते." जाते असं म्हणायचं नसतं.

तो थांबला. मंगल कार्यालय हळूहळू मागे गेलं. बँडवाल्याने कप उंच करून दाखवला.

आठव्याने मला ओळखलं नाही. नाव विचारलं, मी सांगितलं. "उतार आहे, बेताने," तो म्हणाला.

समाप्तीला पोचले तेव्हा मांडवाचं कापड उतरलं होतं, रेषा मात्र होती. खरोटे सरांनी वही उघडली. "तुमचे चौदा झाले असावेत. चौदा लिहू का?"

"दहाच लिहा," मी म्हटलं. "मी दहासाठीच आले होते."

सरांनी दहा लिहिले आणि पुढे 'पूर्ण'. मी तो शब्द दोनदा वाचला.

कुंदाताईंनी माझ्यासाठी पोह्यांची एक बशी झाकून ठेवली होती. मी खाईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

"नववा कसा वाटला गं?"

"शांत आहे. फारसं बोलत नाही."

"आणि दहावा?"

"चहाला थांब म्हणत होता. म्हटलं, पुढच्या वर्षी."