दोन्ही बाजूंनी घालायचा कोट

नशा करणारा माणूस गुन्हेगार की आजारी, या प्रश्नाचं घोंगडं आमच्याकडे बरीच वर्षं भिजत पडलं होतं. पोलीस खातं म्हणे, तो तुमचा. आरोग्य खातं म्हणे, छे, तुमचाच. शेवटी समितीने तोडगा काढला. खोली एक, साहेब एक आणि कोटही एकच: एका बाजूने खाकी, दुसऱ्या बाजूने पांढरा. प्रसंग पडेल तशी बाजू वर घ्यायची.

तो कोट शिवायचं काम माझ्याकडे आलं. शिवण मी कुठे शिकले नाही. जुने कपडे उसवून पाहत हात बसला. त्यामुळे सरकारी काम मिळताच मी जमिनीपासून चार बोटं वरून चालू लागले. खाकीला बेड्यांचा खिसा, पांढऱ्याला छाती तपासायच्या नळीचा. माप घेताना साहेबांनी सहज माझं मत विचारलं.

"फोडून काढा एकेकाला," तोंडात टाचण्या धरून मी म्हणाले.

कोट साहेबांच्या अंगाला चपखल बसला, कामाला बसेना. घाईत ते खाकी बाजूने नाडी पाहत, पांढऱ्या बाजूने कोठडीची किल्ली फिरवत. एकाला तर "हात वर कर आणि आ कर" असं एका दमात सांगितलं. तक्रारी आल्या, परिपत्रक निघालं: ज्याच्यासाठी रडणारं कोणी हजर असेल तो रुग्ण, नसेल तो आरोपी. निकष बिनखर्चाचा होता आणि ओला असल्यामुळे तपासायला सोपा. "चला, एकदाची शिस्त लागली," मी म्हटलं.

आणि माझा धाकटा भाऊ नशेत सापडला.

धापा टाकत साहेबांच्या खोलीत पोहोचले. बाकावर बसला होता. मनगटं काडीसारखी. शेजारी त्याच्याच वयाचा आणखी एकजण.

"साहेब, आजारी आहे हो तो!"

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात, फोडून काढा."

"ते असल्या लोकांना. हा माझा भाऊ आहे!"

"बरोबर. मग रडा."

ऐन वेळी डोळे कोरडे ठणठणीत. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, कांदा मागवू?" मेल्याला अशा वेळीही थट्टा! त्या थट्टेनेच बांध फुटला. साहेबांनी माझ्या गालावरून बोट फिरवून खात्री केली, कोटाची पांढरी बाजू वर घेतली आणि भावाला खाट मंजूर झाली.

तो उठेना. "आम्ही एकाच पुडीतलं घेतलंय गं. याच्यासाठीही रड ना. त्याचं कोणी येणार नाहीये."

मी साहेबांना विचारलं, "एका बाईचं रडणं दोघांना चालतं?"

"परिपत्रकात मनाई नाही."

म्हणजे चालत होतं. पण लोक विचारतील, हा तुमचा कोण? शिवाय याच्याच नादाने आमचा बिघडला असणार. मी नाक पुसलं. "चल मुकाट्याने."

मागे साहेब कोट उलटत होते. बाही अडकली, तेव्हा मदतीला मीच गेले.

भाऊ आता सुधारतोय. चार घास खातो, माझ्याशी मात्र तोंडापुरतं बोलतो. शेजारणी आवर्जून चौकशी करतात, "आजारच तो, त्याचा काय दोष!" म्हणतात. वाचताना तुमचाही जीव त्याच्यासाठीच खालीवर झाला असेल. बाकावरच्या त्या दुसऱ्याचं काय झालं, ते मला विचारू नका. तसं ते अजून कोणी विचारलेलंही नाही.