पडद्यावरचा निळा

शहराच्या पूर्व भागात नळाला दूषित पाणी येऊ लागलं, तेव्हा पाणी खात्याने तातडीचा उपाय म्हणून पोस्टर काढायचं ठरवलं. वर मजकूर, ‘पाणी उकळून प्या’. खाली भलामोठा निळा थेंब. खात्याच्या डिझायनरने ते दुपारच्या आत करून मोठ्या साहेबांच्या मोबाइलवर पाठवलं. “वा! काय निळा आहे!” साहेब म्हणाले, आणि तिथेच माशी शिंकली.

छापखान्यातून नमुना आला तो जांभळट.

“हा तो निळा नव्हे,” साहेब म्हणाले.

“साहेब, मोबाइलच्या पडद्यामागून उजेड येतो,” डिझायनर म्हणाला. “कागदामागून कुठला येणार? तेवढी झळाळी शाईत उतरत नाही.”

“म्हणजे लोकांना दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरंच? आपल्या खात्यात हे चालणार नाही.”

खात्यात आजवर दुसरं काहीच चाललं नव्हतं. पण रंगाच्या बाबतीत साहेबांचं तत्त्व पक्कं होतं.

डिझायनरलाही चेव चढला. ‘रांगेत उभे राहा’ छापाच्या पाट्या करण्यात त्याची उमेद गेली होती. त्याच्या रंगाची दखल कुणी पहिल्यांदाच घेत होतं. त्याने शाई बदलली, कागद बदलला. पुढचा नमुना हिरवट आला, त्याच्या पुढचा राखाडी. अखेर बैठक बोलावली गेली. तिथे प्रत्येकाने आपापला मोबाइल काढला आणि प्रत्येकाचा थेंब निराळाच निघाला. उपसाहेबांनी डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळसर करून ठेवला होता. त्यांचा थेंब शेवाळलेला होता.

बराच खल झाल्यावर ठराव झाला, की मोठ्या साहेबांच्या मोबाइलवरचा निळा तो अधिकृत निळा. बाकीचे निळे ही ज्याची त्याची खाजगी मतं.

आता साहेबांचा मोबाइल छापखान्यात न्यावा, तर साहेब तो हातातून सोडेनात. म्हणून नमुनेच साहेबांच्या खोलीत येऊ लागले, खिडक्यांचे पडदे ओढून तपासले जाऊ लागले. एक नमुना जेमतेम जुळतोय म्हणेपर्यंत साहेबांनी नवा मोबाइल घेतला. अधिकृत निळा बदलला.

पूर्वेकडच्या रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “अहो, इथे खाटा पुरेनात! काळ्या शाईत छापा, पण छापा!”

“काळा थेंब पाहून लोक घाबरतील, बाई.”

“घाबरायलाच हवेत!”

“तो विषय आमच्या कक्षेत येत नाही,” म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

शेवटी डिझायनरने शक्कल लढवली. छापलेला रंग पडद्यासारखा होत नाही ना, मग त्याने पडद्यावरचाच थेंब छापल्यासारखा मळकट केला आणि साहेबांना पाठवला.

“आत्ता जुळला!” साहेब कृतार्थ झाले. पोस्टर छापलं गेलं. पूर्व भागातली बरीचशी वस्ती एव्हाना रुग्णालयात असल्यामुळे ते तिथेच लावावं, असा व्यवहारी निर्णय झाला.

डिझायनर स्वतः लावायला गेला. भिंतीवर पोस्टर चिकटवून मागे वळतो, तर समोरच्या खाटेवर त्याची सख्खी मावशी, हाताला सलाइन. ती पूर्वेलाच राहायची.

“हे तू केलंस?” मावशीने क्षीण आवाजात विचारलं. “म्हणजे पाणी खराब आहे हे तुला आधीपासून ठाऊक होतं?”

“हो तर! पहिल्या दिवसापासून.”

“मग मेल्या, मला एक फोन नाही करायचास?”

“कसा करणार, मावशी? रंग पक्का झाला नव्हता.”

मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी मात्र उशाखालचा मोबाइल काढून पोस्टरचा फोटो घेतला. एकदा पडद्याकडे, एकदा भिंतीकडे पाहिलं. “फोटोत बरा दिसतो की! छापताना घाण केली लेकांनी.”

वॉर्डात एकदम जान आली. मोबाइल खाटेखाटेवरून फिरू लागला. कुणी म्हणालं जांभळट, कुणी म्हणालं मळकट.

“बघू, इकडे आणा,” म्हणत मावशीही उठून बसली. तिने चष्मा लावला, आणि नळावरून नुकत्याच भरून आणलेल्या तांब्यातलं घोटभर पाणी पिऊन ती रंग निरखू लागली.