दत्तूनानांची बाराची पाळी

दर गुरुवारी दुपारी बारा वाजता आमच्या शेजारचे दत्तूनाना लॅपटॉपवरून लाइव्ह जातात. यात नवल काही नाही. हल्ली बारामतीत ज्याला बोलता येतं तो लाइव्ह जातो, आणि ज्याला येत नाही तो त्याच्याही आधी जातो. नवल पुढंच आहे. कार्यक्रम संपला, बोलायचं संपलं, तरी नाना खुर्चीतून उठत नाहीत. पडद्याकडे टक लावून एका अंगठ्याची वाट बघत बसतात. पसंतीचा तो निळा अंगठा उमटला की म्हणतात, "चार्ज घेतला," आणि मगच कॅमेरा बंद करून जेवायला उठतात. तोवर काकूंची भाकरी ताटात वातड होते, पण हा माणूस जागचा हलत नाही.

नाना साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा पाक ज्या अवाढव्य भांड्यात आटवून त्यात साखरेचा दाणा आणतात ते पॅन. नानांचं सगळं आयुष्य त्या पॅनच्या काचेला डोळा लावण्यात गेलं, त्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीला ते एकच प्रश्न विचारतात, "दाणा धरला का?" माझ्या मेव्हण्याचं लग्न ठरत नव्हतं तेव्हा त्यांनी तेच विचारलं. नगरपालिकेनं रस्ता केला तेव्हाही पायानं खडी उकरून म्हणाले, "न्हाय धरला."

मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, त्यामुळं हे लाइव्हचं खूळ माझ्याच दारातून आत आलं. एका सकाळी नाना येऊन म्हणाले, "मास्तर, ती नोकरदारांची साइट असतीया न्हवं, तिच्यावर मला बसवा."

मी म्हटलं, "नाना, तिथं नोकरी शोधणारे असतात, नाहीतर नोकरी लागली म्हणून जगाचे आभार मानणारे. तुम्ही रिटायर झालात. त्यापेक्षा फेसबुकवर या, सगळं गाव आहे."

"तितं गाव मजा बघायला येतंय. मला कामाची जागा पायजे."

झालं. खातं उघडलं. नावाखाली स्वतःबद्दल लिहायची ओळ असते, तिथं भलेभले 'नेतृत्व', 'दूरदृष्टी' असलं काहीबाही लिहितात. नानांनी लिहायला लावलं, 'पॅनमन. सध्या बाराच्या पाळीला.' त्या साइटवर लाइव्ह जायचं तर आधी थोडी ओळखपाळख जमवावी लागते. नानांनी माझ्या क्लासच्या आजीमाजी पोरांना दारात गाठून गाठून आपल्यामागं लावलं. मग दर आठवड्याचा इव्हेंट आधीच जाहीर करायचा, त्याची लिंक पाठवायची, हे सगळं माझ्या गळ्यात आलं. इव्हेंटचं नाव कायम एकच: 'गुरुवार, दुपारी बारा. वेळेवर येणे.'

मी डोकं आपटून सांगितलं की वेळ बदला. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, गावात बाजार असतो, आणि बारा वाजता कामाची माणसं डबा उघडून बसतात. नाना म्हणाले, "पाळी बदलायची येळ बाराची. बॉयलर तुमच्या डब्यासाठी थांबत न्हाय." आणि इन्व्हर्टर घेऊन आले.

गुरुवारी सकाळपासून नानांच्या पायाला भिंगरी असते. आंघोळ करून इस्त्रीचा खाकी शर्ट घालतात. अंगणात जातात, आत येतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात लावून बघतात. काकूंना किती वाजले ते विचारतात आणि काकू सांगायच्या आत स्वतःच घड्याळ बघतात. दहा वाजल्यापासून मला हाका सुरू होतात. मी गेलो की म्हणतात, "बसा की निवांत," आणि स्वतः उभेच राहतात.

कार्यक्रम म्हणजे काय, तर चार्ज देणं. कारखान्यात पाळी बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं की कुठलं पॅन कुठवर आलंय, वाफ कशी आहे. येणाऱ्यानं मान डोलावली की चार्ज घेतला. तोवर जाणाऱ्यानं जागा सोडायची नाही, मग घरी कुणी मरो नाहीतर जन्मो. नाना लाइव्हमध्ये तसाच चार्ज देतात. "एक नंबर पॅन. कालव्याला पाणी सुटलंय, पण शेवटच्या वावरात अजून पोचलं न्हाय. दोन नंबर पॅन. आमच्या हिच्या गुडघ्याला सूज हाय, वाफ कमी ठिवलीया. तीन नंबर. ष्ट्यांडाजवळचा च्याचा गाडा बदलला. नवा पोरगा पाणी लई घालतोय, दाणा धरंल असं वाटत न्हाय." एकदा बंगळुरूच्या कुणा मोठ्या साहेबानं खाली इंग्रजीत 'फार मोलाचे विचार' असं लिहिलं. नानांनी विचारलं, "ह्यो कोण? ह्याला कुणी गेटपास दिला?"

बघणारे म्हणजे मी, चुकून आलेला एखादा, आणि कुणी एक शुभांगी. अंगठा तिचाच असायचा. तोही धड नाही. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. आवडलं, नाही आवडलं, आवडलं. शुभांगी निमगाव केतकीची आहे एवढं खात्यावर दिसत होतं. आमच्या गल्लीला तेवढं पुरलं. नाना या वयात एका शुभांगीच्या अंगठ्यासाठी खाकी शर्टाला इस्त्री करतात, ही बातमी माझ्या बायकोनं काकूंपर्यंत पोचवली. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मला ठाव हाय ती शुभांगी. तुमी तुमचं बघा." आणि तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. मला आपलं वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुकाची भूक लागली आहे. चिडवायचोही मी तसा.

परवाच्या गुरुवारी अंगठा आला नाही.

नानांनी चार्ज दिला, बोलायचे थांबले, आणि बसले. मी म्हटलं, "आज बाजारात गेली असेल." नाना हलले नाहीत. मी माझ्या फोनवरून एक अंगठा दाबला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो लगेच काढून घेतला. काकूंनी जेवायला हाक मारली, मग ताकाचा पेला आणून शेजारी ठेवला. लाइव्ह चालूच, आणि सगळ्या नोकरदार जगाला एक म्हातारा गप्प बसलेला दिसतोय. माझा संयम सुटला. म्हटलं, "नाना, आता बंद करू. एका बाईच्या अंगठ्यापायी हे काय चालवलंय?"

"आवाज तेवढा बंद करा," नाना म्हणाले. मी माइक बंद केला. कॅमेऱ्यावरची नजर न काढता ते बोलायला लागले.

"अंगठा शुभांगीचा न्हाय, मास्तर. ती सून हाय. फोन तिचा, अंगठा तात्याचा. माझा रिलीव्हर. जल्मभर बाराला मी सुटायचो आन् तात्या चढायचा. औंदा त्याच्यावरनं वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली, तोंड वाकडं झालं. मी भेटाया गेलो तर टावेल तोंडावर घेऊन भिंतीकडं वळला. दोनदा गेलो, दोनदा वळला. कुणी आपल्याला बघू नये असं वाटतंय त्याला. म्हणून ह्ये काढलं. ह्यात त्यो मला बघतोय, मी त्याला बघत न्हाय."

"पण मग याच साइटवर कशाला?"

"फेसबुकावर गावानं हळहळ केली असती. हळहळ म्हटलं की तात्या फोन फेकून देईल. ड्युटी म्हटलं की उठून बसतोय. आज बसला न्हाय. का बसला न्हाय, मास्तर?"

शुभांगीचा फोन लावला तर बंद. नानांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, चला, गाडीवर जाऊन येऊ. नाना म्हणाले, "मी कसा उठू? त्यानं चार्ज घेतला न्हाय." हट्टाला औषध नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी एकटाच निघालो. निमगावपर्यंत अख्ख्या रस्त्यात मला एकच भीती होती, की दारात चपलांचा ढीग दिसेल.

दारात चपला नव्हत्या. एक शेळी होती. शुभांगीनं मला आत घेतलं आणि आधी तिनंच गाऱ्हाणं सुरू केलं. "सकाळपासनं लाइट न्हाय. फोन बंद पडला. बारापासनं मामंजींनी जीव खाल्लाय माझा. घास घ्यायला तयार न्हाईत."

तात्या बाजेवर बसले होते. अंगात खाकी शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. अनोळखी माणूस बघताच डाव्या हातानं त्यांनी टॉवेल तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळले.

मी म्हटलं, "तात्या, मी भेटायला आलेलो न्हाय. बाराच्या पाळीचं काम हाय." आणि माझा फोन टॉवेलच्या खाली, त्यांच्या मांडीवर ठेवला.

पडद्यावर नाना होते. तसेच, त्याच खुर्चीत. शर्ट घामानं भिजलेला. शेजारी ताक जसंच्या तसं. टॉवेल हळूहळू खाली आला. तात्यांनी फोनवर वाकून बघितलं, आणि त्यांचा डावा अंगठा थरथरत पडद्यावर टेकला. माझ्या नावानं एक अंगठा उमटला. गेला. पुन्हा उमटला.

लाइव्ह म्हटलं तरी ते थोडं मागं चालतं. नाना अजून बसलेलेच दिसत होते. माझं नाव बघून त्यांना वाटलं तर, की मास्तरांनी पुन्हा दया केली? शुभांगी पदर तोंडाशी धरून उभी होती. मग नानांनी मान पुढं काढली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. त्यांचे ओठ हलले. माइक बंद होता, पण काय म्हणाले ते आम्हा तिघांनाही कळलं. ते उठले. गडबडीत कॅमेरा बंद करायला विसरले, आणि रिकामी खुर्ची दिसत राहिली.

तात्या त्या खुर्चीकडे बघत राहिले. तोंडावरचा टॉवेल कधीचा गळून पडला होता, त्यांच्या ध्यानातच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या हातानं बाजेची मोकळी बाजू थोपटली.

शुभांगीनं विचारलं, "कुणाला बसायला सांगताय, मामंजी?"

त्यांनी अंगठा उचलला आणि पडद्यावर, त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

मी फोन उचलून घेतला आणि बाहेर येऊन नानांना लावला. ते जेवत होते. म्हटलं, "तात्या ठीक आहेत. लाइट नव्हती. आणि गुरुवारी तुम्हाला इकडंच बोलावलंय. बाजेवर जागा केलीय."

पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"किती वाजता बोलवलंय?"

"बाराच असणार, नाना."

"मग मी साडेअकरालाच पोचतो," नाना म्हणाले. "चार्ज घेणाऱ्यानं येळेआधी जायाचं असतंय, मास्तर."