गौराक्काचा हंसराज

आमच्या गल्लीत मोठ्यानं खोकायची चोरी आहे. कुणी खोकलं की शेजारच्या गौराक्का गरम काढ्याचा पेला घेऊन तणतणत येतात आणि तो रिकामा होईपर्यंत उंबऱ्यातून हलत नाहीत. काढा हंसराजाचा. हंसराज म्हणजे जुन्या विहिरीच्या ओल्या दगडांत उगवणारा नेचा. देठ काळेभोर, केसासारखे, पानं नाजूक झालरीची. खोकल्याला त्याचा काढा, अंगाची आग झाली तर वाटून लेप. एकदा माझ्याकडे आलेले आमचे साहेब चहा पिताना ठसकले, तर त्यांनाही पाजला. साहेबांचं तोंड वाकडं झालं.

"औषध हाय, सरबत न्हाय," आक्का म्हणाल्या.

दूधवाला, रिक्षावाला, नळाला पाणी सोडणारा, आक्का सगळ्यांना एकच विचारतात, "डोळे हायत का बटनं?"

हा हंसराज यायचा वळसंगहून, त्यांच्या माहेरच्या विहिरीतून. मागच्या उन्हाळ्यात कुणाकडून तरी कळलं, की भाऊ विहीर बुजवतोय. आक्का माझ्या दारात उभ्या. गाडी काढ म्हणाल्या. वाटेत खड्ड्यांना, ट्रकवाल्यांना आणि ब्रेक मारला म्हणून मला शिव्या घालून झाल्या.

पोचलो तर जेसीबी मुरूम लोटत होता. त्यांचा भाऊ शिवाप्पा लिंबाखाली बसला होता. त्यानं शांतपणे सांगितलं, की पाणी कधीच आटलंय, बोअर घेतलंय, परवा शेळी पडली, आता तिथं गोठा बांधायचाय.

आक्कांचा आवाज चढला. "ल्हानपनी तू तापानं फनफनायचास, तवा ह्याच पायऱ्या उतरून पाला आनायची मी. ती हीर बुजवतोस? मला इचारलंस?"

"तू हक्क सोडलास की," शिवाप्पा म्हणाला. "आता इचारायचं काय?"

माझंच डोकं फिरलं. माहेर राहावं म्हणून बहिणीनं जमिनीवर पाणी सोडायचं, आणि त्यानं तेच तिच्या तोंडावर मारायचं. मी बोलणार होतो, पण आक्का पायऱ्या उतरायला लागल्या होत्या. चालवणाऱ्यानं मशीन बंद केलं. खाली एका कोपऱ्यात अजून ओल झिरपत होती. तिथला हंसराजाचा गड्डा त्यांनी मुळासकट, मातीसकट उचकटला आणि पदरात घेऊन धापा टाकत वर आल्या.

मला वाटलं, आता गाडीवर बसतील. पण त्या घरामागं गेल्या. तिथं पाण्याची टाकी ठिबकत होती. तिच्या बुडाशी, सावलीत, दगडांच्या फटीत त्यांनी गड्डा लावला, हातानं माती दाबली. शिवाप्पा मागं येऊन उभा राहिला होता.

"वाळवलास तर बघ," त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

मशीन पुन्हा सुरू झालं.

परतताना माझा राग उतरेना. इतकं बोललेल्या माणसाच्या दारात कशाला लावलात, आपल्याकडे सोलापूरला कुंडीत लावला असता, असं मी दोनदा म्हणालो. आक्का गप्प. ट्रक अगदी अंगाला घासून गेला, तरी गप्प. शहर जवळ आलं तेव्हा मागून आवाज आला, इतका हळू की मला गाडी सावकाश करावी लागली.

"समदं सोडून दिलं, बाबा. बघायला जायला तितं काय तर माझं नको का?"