कमरेपर्यंतचे उंबरजे

धानोलीच्या महाविद्यालयात बेपत्ता पत्रकारांवर ऑनलाइन विश्वकोशात लेख लिहायला शिकवतात, आणि लेख नियमात बसला की तो पत्रकार परत येतो. मात्र संदर्भात जेवढा छापलेला असेल तेवढाच येतो.

गावाला याचं फारसं नवल उरलेलं नाही. मागच्या तुकडीने एक वार्ताहर आणले, तर त्यांच्या जन्माचं साल दोन वर्तमानपत्रांत दोन निघालं. आता ते सोमवारी चौसष्ट वर्षांचे असतात आणि मंगळवारी सहासष्ट. एसटीच्या कंडक्टरला सवलतीचं तिकीट वार बघून फाडावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

मन्मथअप्पा लामतुरे यांचा या वर्गाशी संबंध आला तो रद्दीमुळे. अप्पांचं मोंढ्यात किराणा दुकान. शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढचं सगळं शिक्षण पुड्यांच्या कागदावर. "जगाची अर्धी बातमी मला ठाऊक असते," ते गिऱ्हाइकांना सांगत, "उरलेली अर्धी तुमच्या साखरेबरोबर तुमच्या घरी गेलेली असते." त्यांच्या माळ्यावर चाळीस वर्षांची वर्तमानपत्रं रचलेली होती. वर्ग घेणाऱ्या तोडकर मॅडमना संदर्भ हवे होते. म्हणून अप्पा दर दुपारी एक गठ्ठा घेऊन, वर्ग भरायचा त्या ग्रंथालयात यायचे आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसायचे.

यंदाचे पत्रकार होते भालचंद्र उंबरजे. 'साप्ताहिक तळमळ'चे संपादक, वार्ताहर आणि सायकलवरून अंक टाकणारेही तेच. अकरा वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते.

त्यांच्यावर दोन संदर्भ सापडले. पहिला, पोलिसांनी दिलेली बेपत्ता असल्याची सूचना: रंग सावळा, मिशी जाड, अंगात निळा शर्ट. दुसरा, जिल्हा वाचनालयाने केलेल्या सत्काराची बातमी. त्यामुळे लेख चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी उंबरजे शेवटच्या बाकावर दिसले ते निळ्या शर्टात, शाल पांघरून, हातात नारळ घेऊन. सूचनेत पँटचा उल्लेख नव्हता, म्हणून कमरेखाली नव्हते. बोलल्याचं कुठेच छापलेलं नव्हतं, म्हणून बोलत नव्हते.

त्यांच्या पत्नी नलूवहिनी रोज डबा घेऊन येऊ लागल्या. डबा तसाच परत जाई.

"ह्यांना शेपूची भाजी लय आवडते, मॅडम. लिहा ना तेवढं."

"वहिनी, ते कुठे छापून आलंय का?"

"अहो, बावीस वर्षं संसार केला मी!"

"तो तोंडी पुरावा झाला," मॅडम हळूच म्हणाल्या, आणि त्यांनाच कसंतरी झालं. नियम त्यांनी केलेले नव्हते.

अल्फिया मुजावर ही वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. वर्तमानपत्रं वाचून तिचा हात त्याच वळणाचा झालेला. लेखाच्या शेवटी तिने सवयीने लिहून टाकलं, 'त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुली असा परिवार आहे.' पाच मिनिटांत उंबरज्यांच्या गळ्यात झेंडूचा हार आला आणि ते पुसट होऊ लागले.

"अगं पोरी, काय लिहिलंस हे!" अप्पा खुर्चीवरून ओरडले. "माणूस समोर बसलाय आणि तू त्याचा दहावा घालतेस?"

अल्फियाने रडत रडत ते वाक्य मागे घेतलं. उंबरजे परत ठळक झाले. हार मात्र राहिला. तो शिपायाने मोटारसायकलला घातला.

मग विश्वकोशाकडून सूचना आली. तिसरा स्वतंत्र संदर्भ सात दिवसांत न मिळाल्यास लेख वगळण्यात येईल. उंबरज्यांनी स्वतःच्या साप्ताहिकात स्वतःबद्दल लिहिलेलं चालणार नव्हतं. दुसऱ्याने लिहिलेलं हवं होतं. लेख वगळला की काय वगळलं जाणार, हे नलूवहिनींना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. नुसत्या शालीचं टोक धरून बसून राहिल्या.

मुलांनी अप्पांचा माळा पालथा घातला. काही निघालं नाही. निघणार नव्हतंच, कारण तिसरा संदर्भ माळ्यावर नव्हता. तो अप्पांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या फेट्याखाली होता.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी उंबरज्यांनी अप्पांचं एक किलोचं माप पन्नास ग्रॅमने हलकं असल्याचं धरलं आणि अप्पांच्याच ओट्यावर ठिय्या मांडला. जिल्ह्याच्या दैनिकाने ते नावानिशी छापलं. अप्पांनी पहाटे स्टँडवर जाऊन गावात आलेले चाळीसच्या चाळीस अंक विकत घेतले. एकोणचाळीस अंकांत गूळ बांधून खपवला. एक ठेवला. का ठेवला, ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. बदनामीचं का होईना, त्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं होतं.

आता अप्पा मोंढ्यातल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचं माप गेली दहा वर्षं चोख होतं. पण ते चोख असल्याचं कुठे छापलेलं नव्हतं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको शांताबाई म्हणाल्या, "द्या की तो कागद. तेव्हा त्या माणसाला तीन दिवस भाकरी मी वाढली. ओट्यावरच्या माणसाला उपाशी ठेवत नसतात. तुमचं नाव काय, गेलं तर परत येईल. त्याचं काय?"

"तुला कसं कळलं, कागद आहे ते?"

"फेट्याला कसर लागू नये म्हणून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या कोण टाकतं?"

अप्पा कागद घेऊन ग्रंथालयात गेले. जन्माचे व्यापारी, म्हणून आधी घासाघीस केली.

"मॅडम, नावाच्या जागी 'एक व्यापारी' असं चालेल का?"

"संदर्भ अख्खा लागतो, अप्पा."

"मग निदान 'ज्येष्ठ व्यापारी'?"

उंबरजे शेवटच्या बाकावरून त्यांच्याकडे बघत होते. मिशीखाली काहीतरी हललं असावं असं अप्पांना वाटलं. त्यांनी कागदाची घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि तळहाताने सपाट केली. "लिही, पोरी. मन्मथ लामतुरे. रफार नाही, काही नाही, सोपं नाव आहे."

अल्फिया एकेक वाक्य लिहीत गेली. 'पायजमा घातलेले उंबरजे ओट्यावर मांडी ठोकून बसले.' पाय आले. 'दुपारी त्यांनी भाकरी व शेपूची भाजी खाल्ली.' नलूवहिनींनी घाईने डबा उघडला. 'मापात पाप चालणार नाही, अशा घोषणा त्यांनी खणखणीत आवाजात दिल्या.'

"मापात पाप चालणार नाही!" उंबरजे म्हणाले.

अख्ख्या ग्रंथालयाने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात अप्पांनी.

बातमीत शेवटी लिहिलं होतं, 'हा ठिय्या रोज सकाळी नऊ ते दिवेलागणीपर्यंत असून वृत्त लिहीपर्यंत चालू होता.' त्यामुळे उंबरजे डबा संपवून उठले, चालत मोंढ्यात आले आणि अप्पांच्या ओट्यावर बसले. दिवेलागणीला घरी गेले. सकाळी नऊला परत आले.

तेव्हापासून ते रोज येतात. गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. अप्पा वजन करताना माप आधी त्यांना दाखवतात, मग तराजूत टाकतात. शांताबाई भाकरी वाढतात. लेखात उंबरजे अजून बेपत्ताच आहेत, कारण सापडल्याचं कोणी छापलेलं नाही.

"अप्पा," परवा अल्फिया दुकानात येऊन म्हणाली, "पुढच्या दिवशीचा अंक असेल का हो तुमच्याकडे? ठिय्या कधी उठला, ते लिहायचं राहिलंय."

अंक होता. त्याच ट्रंकेत, त्याच फेट्याखाली. अप्पांना तो तोंडपाठ होता. 'व्यापाऱ्याच्या दिलगिरीनंतर ठिय्या मागे. पत्रकार उंबरजे वाळूउपशाच्या बातमीसाठी एकटेच नदीकडे रवाना.'

अप्पांनी ओट्याकडे पाहिलं. उंबरजे त्याच एका घोषणेने नलूवहिनींशी वाद घालत शेपूची भाजी खात होते.

"नाही गं," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी छापखान्याला सुट्टी होती बहुतेक."

ती गेल्यावर त्यांनी ट्रंक उघडली, अंक काढला, चार तुकडे केले आणि पहिल्या तुकड्यात समोरच्या म्हातारीला गूळ बांधून दिला. पावशेर मागितला होता, अप्पांनी वर एक खडा टाकला. उंबरज्यांनी ओट्यावरून मान वळवून तराजूकडे पाहिलं आणि भाकरीचा पुढचा घास घेतला.