बबनरावांची खिडकी

"आठवड्याभरात अख्ख्या बसचं मानसशास्त्र उलगडून दाखवतो!" थेरगावच्या घरात पोहे खाता खाता सुजितने बहिणीला सांगितलं.

"आधी पर्मनंट हो," स्वरूपा म्हणाली. "मग काय उलगडायचं ते उलगड."

बोलणं टोचणारं होतं, पण खरं होतं. सुजित चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी होता. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे लाइन सुपरवायझर बबनरावांच्या शब्दावर ठरणार होतं. पण नेमका याच सुमारास त्याने मोबाइलवर मानसशास्त्राचा कोर्स सुरू केला होता आणि संशोधनपद्धतीचा धडा तापासारखा डोक्यात चढला होता.

प्रश्न साधा होता. कंपनीच्या बसमध्ये कुठल्याच सीटवर नाव नसतं, तरी प्रत्येकाची जागा ठरलेली! ती दुसऱ्याने घेतली तर काय होतं? जागा निवडताना आपली आवडनिवड नको, म्हणून त्याने चिठ्ठ्या टाकल्या. निघाली ती बबनरावांची खिडकी.

"दुसरी काढ, वेड्या!"

"चिठ्ठी बदलली की तो प्रयोग उरत नाही, ताई. ती लबाडी झाली."

दुसऱ्या दिवशी बबनराव बसमध्ये चढले आणि आपल्या ताटावर परका माणूस जेवताना दिसावा तसे थबकले.

"ही माझी जागा हाय."

"जागा कुणाच्या नावावर नसते, काका," सुजित शास्त्रज्ञाच्या निर्विकार चेहऱ्याने म्हणाला.

तो चेहराच नडला! पॅकिंगमधल्या जयमालाने शेजारणीला कोपर मारलं. "ट्रेनी आणि एवढा शांत? याच्यावर वरून कुणाचा तरी हात आहे गं!" मोशी येईपर्यंत सुजित हेड ऑफिसचा माणूस झाला. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये त्याला बढती मिळून तो मालकाचा भाचा झाला!

तिसऱ्या दिवशी सुजित आपल्या जुन्या जागेवर बसला. तुलनेसाठी मूळ स्थितीही पाहायला हवी, असं धड्यात होतं. बसने मात्र वेगळाच अर्थ काढला. "बबनरावांची चौकशी आटोपली! आता कुणाची?" गप्पा बंद. मोबाइलवरची गाणी बंद. ड्रायव्हरने चक्क सीटबेल्ट लावला! सुजितची नजर जिकडे वळेल तिकडे माणसं शाळेतल्यासारखी ताठ बसत. जयमालाने तर डब्यातलं थालीपीठ पुढे केलं.

सुजितने ते आधी हुंगून पाहिलं. सगळे एवढे गोड का? यांनी आपल्यावरच प्रयोग सुरू केलाय की काय?

दुपारी कॅन्टीनमागे बबनरावांनी त्याला गाठलं. "खरं सांग, माझ्या जागी कुनाला आनताय?"

"कुणालाच नाही, काका! मी फक्त लोकांचं वागणं तपासत होतो."

"म्हंजी तपासनीच हाय!" बबनरावांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "पोरीचं लगीन काढलंय रं. सांभाळून घे."

सुजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मी साधा ट्रेनी आहे. उलट माझी नोकरी तुमच्या हातात आहे!"

"व्हय, व्हय. समजलो," बबनराव हलकेच म्हणाले आणि तडक एचआरच्या केबिनकडे निघाले.

संध्याकाळी एचआरच्या योगिनी मॅडमनी सुजितला बोलावलं. तो केस विंचरून गेला.

"बबनराव म्हणतात, तुमच्यासारखा मुलगा अख्ख्या चाकणात नाही."

सुजित लाजला.

"त्यांनी आजवर कुणालाच चांगलं म्हटलेलं नाही," मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काय दिलंत त्यांना?"

"काही नाही, मॅडम! मी नुसता त्यांच्या जागेवर बसलो होतो."

हे उत्तर मॅडमना मुळीच आवडलं नाही. त्यांनी कुणाला तरी फोन लावून त्याचं ट्रेनिंग वाढवायला सांगितलं. "आणि तोवर तुमच्यावर बारीक लक्ष राहील!" त्या सुजितला म्हणाल्या.

इथे शहाण्या माणसाने मान खाली घालून निघायचं असतं.

"पण मॅडम, हे मला सांगायला नको होतं," सुजित तळमळीने म्हणाला. "लक्ष आहे हे कळलं की माणूस मुद्दाम नीट वागतो. तुमचं निरीक्षण आत्ताच वाया गेलं!"

मॅडमनी पुन्हा फोन उचलला.

"हां, मघाशी ट्रेनिंग वाढवायला सांगितलं ना? अजून थोडं वाढवा."