बावीस फुटांचा उतार

पहिली पायरी अठरा सेंटीमीटर, दुसरी सतरा, तिसरी एकवीस. येडगावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या इंद्रायणीने चाकाच्या खुर्चीतून वाकून तीनदा मोजलं. आकडे काही कमी होईनात. सहा घरमालकांनी पायऱ्या दाखवूनच तिला परत पाठवलं होतं. सातव्या घरमालकीण धोंडाबाईंनी या तीन पायऱ्यांवरची खोली दिली, पण तात्पुरती. ही पडलीबिडली तर गाव आपल्याला बोलेल, ही त्यांना धास्ती. कायमची देणार का, या प्रश्नाला दोन महिने एकच उत्तर होतं : बघू.

स्वतःच्या पैशाने उतार बांधते, म्हटल्यावर मात्र त्यांनी मान डोलावली. छप्पन्न सेंटीमीटर चढायला बावीस फूट लांबी हवी, हे इंद्रायणीने गेणभाऊ गवंड्याला कागदावर काढून दिलं. गेणभाऊची हयात गोठे बांधण्यात गेलेली. अंगण आखूड, म्हणून त्याने उतार भिंतीकडेने वळवून त्याचं खालचं टोक धोंडाबाईंच्या गोठ्याच्या दाराशी टेकवलं आणि ओल्या सिमेंटवर सवयीने आडव्या रेघा ओढल्या.

"चाक घसरायचं नाय, बाई. यावर म्हशीचा पाय बी घसरत नाय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते सिद्ध झालं. धरणावर डुंबून आलेली धोंडाबाईंची म्हैस ओळखीच्या रेघांवरून शांतपणे वर चढली आणि इंद्रायणीच्या दारात उभी राहिली. ओट्यावर वळायला जागा नव्हती, आणि मागे सरणं तिला मंजूर नव्हतं. पेंड दाखवून झाली, शेपूट पिळून झालं. शेवटी बोलावून आणलेल्या गेणभाऊने, तिला खोलीत घेऊन वळवू, असा तोडगा काढला. इंद्रायणी खुर्ची मोरीपाशी सरकवून बसली. दिवसभरात सहा तास शिकवल्यावर वाद घालायची ताकद उरत नाही.

म्हैस आत आली, अर्धी वळली, पंख्याखाली थांबली आणि रवंथ करू लागली. पुढे काही हलेना.

धारेची वेळ टळत चालली, तशा एरवी पायऱ्यांशीच गुडघे धरून बसणाऱ्या धोंडाबाई बादली घेऊन उतारावरून एकट्याच वर आल्या. तिथेच बसून त्यांनी धार काढली.

"पंख्याखाली लई निवांत पान्हा सोडला की," गेणभाऊ म्हणाला. "आता हिलाच द्या खोली, धोंडाबाई. ही पडली तरी गाव काय बोलायचं नाय तुमाला."

धोंडाबाईंनी बादली बाजूला ठेवली. मोरीपाशी अंग चोरून बसलेल्या इंद्रायणीकडे आणि आपण एकट्याच चढून आलो त्या उताराकडे पाहिलं. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"हिला सकाळी तुझ्या गोठ्यात ने, गेणभाऊ, इथं ठेवली तर परत वर चढल. ही पोरगी कुठं जायची नाय. खोली हिची."